एका स्फटिकाची प्रतीक्षा

‘स्फटिक’ हा शब्द आपल्या घरांना परका नाही. देवघरात स्फटिकाची लहानशी प्रतिमा असते, डब्यात खडीसाखर असते, दाढीच्या पेटीत तुरटीचा खडा असतो. आणि ज्यांचा व्यवहार किराणा-भुसाराचा किंवा रंग-रसायनांचा आहे त्यांना मोरचूद, नवसागर, सोरा ही नावे लहानपणापासून पाठ असतात. मी ज्या स्फटिकाविषयी लिहिणार आहे तो या सर्वांहून पुष्कळ लहान होता. खसखशीच्या दाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. तो हाती यावा म्हणून मी आयुष्यातील जवळजवळ दोन वर्षे घातली. ‘एवढे दिवस पुण्यात नेमके काय करत होतीस?’ हा प्रश्न लग्नकार्यांतून, पंक्तींतून, अगदी मंदिराच्या पायऱ्यांवरही मला अनेकांनी विचारला आहे. उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आमची सांगलीला हळदीची पेढी आहे. आजोबांनी ती सुरू केली आणि वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ती वाढवली. हळकुंड मोडून आतला रंग पाहायचा, नखाने जरा खरवडायचे, नाकाशी धरायचे आणि भाव बोलायचा, ही अण्णांची प्रयोगशाळा. मी घरात थोरली, भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कोल्हापूरला एम.एस्सी. करून २००० साली मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी दाखल झाले, तेव्हा घरात ठरले ते एवढेच की चार वर्षांत परत यायचे. अण्णांनी तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती. दुसऱ्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्या तारखेला वेगळेच वजन प्राप्त झाले. थोरली म्हणून पेढीवर माझी निकड होती, मुलगी म्हणून लग्नाची घाई होती, आणि माझ्यापाशी दाखवायला होती फक्त पिवळी भुकटी.

भुकटीचा विषय हळदीतूनच निघाला होता. हळदीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते करक्युमिन १८१५ साली प्रथम वेगळे काढले गेले. त्याची रासायनिक रचना कागदावर मांडायला १९१० साल उजाडले, आणि त्याच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडून प्रत्येक अणूची जागा निश्चित झाली ती १९८२ साली, नॉर्वेतील संशोधकांच्या हातून. ज्या वस्तूवर आमच्या तीन पिढ्या जगल्या तिच्या गाभ्याचे खरे चित्र माझ्या जन्मानंतर तयार झाले, याचे मला त्या वेळी फार नवल वाटले होते.

करक्युमिनचा रेणू म्हणजे मधोमध दोन ऑक्सिजन आणि दोन्ही बाजूंना सारखेच दोन बाहू. मी तयार केलेल्या रेणूचे दोन बाहू मुद्दाम वेगळे ठेवले होते. मधल्या दोन ऑक्सिजनांशी फिनाइल हायड्राझिन या द्रव्याची अभिक्रिया केली की तिथे पाच अणूंचे एक कडे तयार होते, आणि फिनाइल नावाचा षट्कोनी गट त्या कड्याला चिकटतो. तो डाव्या बाहूशेजारी चिकटला की उजव्या, एवढाच माझा प्रश्न होता. दोन्ही पदार्थांचे वजन सारखे, घटक सारखे, रंगही बहुधा सारखाच. पण एक दुसरा नव्हे. औषध म्हणून एखादा रेणू शरीरातील प्रथिनाच्या खाचेत बसायचा असेल, तर हा डावा-उजवा भेद म्हणजे कुलपात किल्ली बसणे आणि न बसणे यांतला भेद असतो.

रसायनशास्त्रज्ञाकडे असे प्रश्न सोडवण्याची इतर साधने असतात. एनएमआर, म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन, हे त्यांतले सर्वांत उपयोगी. रेणूतील हायड्रोजन कोणाच्या शेजारी आहेत, याचा त्यातून पुष्कळ अंदाज येतो. माझ्या पदार्थात मात्र नेमक्या महत्त्वाच्या खुणा एकमेकींवर चढल्या होत्या. जे काही वाचता येत होते त्यावरून ‘डावीकडे’ असे म्हणावेसे वाटत होते. माझ्या मार्गदर्शकांचेही तेच मत होते, आणि अभिक्रियेची पाठ्यपुस्तकी उपपत्ती त्यालाच धरून होती. तिसरे वर्ष संपता संपता ते मला म्हणाले, “डावी बाजू धरून चालू या. प्रबंधात ‘बहुधा’ हा शब्द घाल आणि पुढचं प्रकरण लिहायला घे.” ते सज्जन आणि अनुभवी होते. माझ्या घरची परिस्थिती त्यांना ठाऊक होती, आणि हा सल्ला त्यांनी माझ्याच हितासाठी दिला होता. माझे मन मात्र त्या ‘बहुधा’पाशी अडखळत होते, कारण पुढची दोन प्रकरणे त्याच एका शब्दावर उभी राहणार होती.

अशा ‘बहुधा’चा इतिहास मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. पित्तातील आम्लांवर आणि कोलेस्टेरॉलच्या वर्गातील द्रव्यांवर काम करणाऱ्या वीलांड आणि विंडाऊस या जर्मन शास्त्रज्ञांना अनुक्रमे १९२७ आणि १९२८ या वर्षांची नोबेल पारितोषिके मिळाली. त्यांनी त्या रेणूंचा जो सांगाडा मांडला होता तो वर्षानुवर्षांच्या काटेकोर प्रयोगांतून आलेला होता. १९३२ साली केंब्रिजमध्ये बर्नाल यांनी त्याच कुळातील अर्गोस्टेरॉलच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले आणि रेणूची लांबी-रुंदी मोजली, तेव्हा तो सांगाडा त्या मापात बसेना. रेणू अपेक्षेहून लांबट आणि चपटा निघाला. सूत्र त्याच वर्षी दुरुस्त करावे लागले. बर्नाल यांच्याच विद्यार्थिनी डोरोथी हॉजकिन. दहाव्या वर्षी शाळेत तुरटी आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवताना ज्या मुलीला या विषयाचा छंद लागला, तिने १९४५ साली पेनिसिलिनची रचना निश्चित केली. पेनिसिलिनमध्ये चार अणूंचे ताणलेले कडे असेल, हे अनेक नामांकित रसायनतज्ज्ञांना पटत नव्हते. स्फटिकाने त्या कड्याच्या बाजूने साक्ष दिली आणि वाद मिटला.

दिवाळीला सांगलीला गेले तेव्हा मी हे सगळे अण्णांना सांगितले. वहीपूजन झाले होते, मंडळी पांगली होती, आणि मला खरे तर परवानगी मागायची होती ती परत न येण्याची, निदान आणखी एक वर्ष. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. रेणू, बाहू, कडे यांतले त्यांना किती कळले ते मला सांगता येणार नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तुझे सर म्हणतात तो माल डावीकडचा आहे. तो तोललाय का कोणी?”

“नाही अण्णा. अंदाज आहे. चांगला अंदाज आहे.”

ते बराच वेळ गादीच्या खोळीवरची सुरकुती हाताने सारखी करत राहिले. मग म्हणाले, “न तोललेला माल वहीत चढवायचा नाही, हे मी तुझ्या आजोबांकडून शिकलो. आता तुलाच उलटं कसं सांगू? जा. पण डॉक्टरांनी मला सांगितलेलंही ध्यानात ठेव.”

आई आतून ऐकत होती. तिने पानात वाढताना माझ्याशी एक शब्दही उच्चारला नाही.

आता स्फटिकच का हवा, ते सांगणे प्राप्त आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. रेणूतील दोन शेजारी अणूंमधले अंतर साधारण दीड अँगस्ट्रॉम असते, तर आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी चार हजार ते सात हजार अँगस्ट्रॉम. खराट्याने मोहऱ्या एकेक वेचाव्यात तसा हा प्रकार आहे, म्हणून सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी प्रकाशाने अणू दिसत नाहीत. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंच्या अंतराच्या जवळपास असते. पण एका रेणूकडून विखुरलेला किरण इतका क्षीण असतो की तो टिपता येत नाही. स्फटिकात अब्जावधी रेणू एकाच पद्धतीने, एकाच दिशेला तोंड करून, रांगेने बसलेले असतात. त्या सगळ्यांनी विखुरलेले किरण ठरावीक दिशांना एकमेकांत मिळतात आणि पडद्यावर ठिपके उमटतात. हे प्रथम १९१२ साली म्युनिकमध्ये दिसले. लाउए यांची कल्पना होती, प्रयोग फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी केला, आणि त्यासाठी घेतलेला खडा होता आपल्या दुकानातल्या मोरचुदाचा! पुढच्याच वर्षी ब्रॅग पिता-पुत्रांनी मीठ आणि हिरा यांतील अणूंची मांडणी उलगडली. १९१५ चे नोबेल बाप-लेकांना मिळून मिळाले, तेव्हा लेकाचे वय २५ होते. एकाच पेढीवर बाप-लेकांनी बसावे आणि पेढी नावारूपाला यावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तात्पर्य, भुकटी चालत नाही. भुकटीतही स्फटिक असतात, पण ते हजारो आणि हव्या त्या दिशांना तोंडे केलेले; जत्रेतल्या गर्दीकडून एकसुरात उत्तर मिळत नाही. मला हवा होता एकच, अखंड, निर्दोष स्फटिक, निदान ०.१ ते ०.३ मिलिमीटर लांबी-रुंदीचा.

खडीसाखर करताना दाट पाक दोऱ्यांवर दिवसेंदिवस हळूहळू निवत ठेवतात, हे वाचकांपैकी काहींनी पाहिले असेल. तत्त्व तेच. द्रावकात जितका पदार्थ विरघळू शकतो त्याहून किंचित अधिक झाला की रेणूंना बाहेर पडावे लागते. ते घाईने पडले की भुकटी होते किंवा नुसते तेल सुटते. सावकाश पडले की एखाद्या चिमुकल्या बीजाभोवती थरावर थर रचत जातात आणि प्रत्येक नव्या रेणूला आपली जागा शोधायला अवधी मिळतो. खडीसाखरवाल्यापाशी पाकाच्या कढया असतात. माझ्यापाशी एका प्रयोगासाठी पाच-सहा मिलिग्रॅम पदार्थ आणि बोटाच्या पेराएवढ्या कुप्या होत्या. कुपीवर पातळ पत्रा लावून सुईने दोन भोके पाडायची आणि द्रावक आपोआप उडू द्यायचे, ही एक रीत. लहान कुपी मोठ्या बाटलीत ठेवून बाहेर असे द्रावक घालायचे की ज्यात पदार्थ विरघळत नाही; त्याची वाफ आत शिरत जाते, ही दुसरी. बारीक नळीत जड द्रावणावर हलके द्रावक थेंबाथेंबाने, थर न मोडता, ओतायचे आणि दोन्ही आपल्या गतीने मिसळू द्यायची, ही तिसरी. यांत हात फार स्थिर लागतो. मी तो आईकडून घेतला असावा; सणावारी ती रांगोळीचे ठिपके न मोजता काढत असे.

द्रावक बदलून पाहिले: मिथेनॉल, ॲसिटोन, क्लोरोफॉर्म, टोल्यूइन, इथाइल ॲसिटेट, त्यांच्या जोड्या, त्यांची प्रमाणे. धूळ चालत नाही, कारण प्रत्येक कण नवे बीज होतो आणि एका मोठ्याऐवजी शंभर लहान स्फटिक वाढतात. धक्का चालत नाही. आणि सर्वांत कठीण म्हणजे पाहायचे नाही. कुपी उचलली, उजेडात धरली, पुन्हा ठेवली, एवढ्यानेही आत उलथापालथ होते. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे जण पाहतात.

मला सुया मिळाल्या. केसाहून बारीक, जुडग्याने वाढलेल्या. त्यांचा काही उपयोग नव्हता. एकदा सुरेख पातळ पाने मिळाली. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक फिरवत गेले की चांगला एकसंध स्फटिक दर काटकोनात एकाच क्षणी संपूर्ण काळोखा होतो. माझी पाने अर्धी काळी आणि अर्धी उजळ राहिली. दोन स्फटिक एकमेकांत गुंतून वाढले होते, आम्ही त्यांना जुळे म्हणतो. एकदा तर द्रावणाबाहेर काढताच सुंदर खडे डोळ्यांदेखत दुधाळ होऊन कोसळले, कारण त्यांच्या जाळीत अडकलेले द्रावक उडून गेले. त्या वर्षी माझ्या वहीत ७२ कुप्यांची नोंद आहे.

इथे थोडे विषयांतर करते, कारण आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे औषधांच्या घाऊक व्यवहारात आहेत. एकच पदार्थ दोन वेगळ्या रचनांचे स्फटिक बनवू शकतो, आणि दोन्हींची विद्राव्यता वेगळी असते. रिटोनाविर हे एड्सवरील औषध १९९६ साली बाजारात आले. १९९८ साली त्याच्या कॅप्सूलमध्ये अचानक एक नवेच स्फटिकरूप उतरू लागले. ते फार कमी विरघळत असे, म्हणजे पोटात जाऊनही उपयोगाचे नव्हे. नव्या रूपाची अदृश्य बीजे जिथे पोहोचत तिथे जुने रूप तयार होईनासे होई. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि औषध वेगळ्या स्वरूपात पुन्हा बनवावे लागले. विरजणाचा एक थेंब साऱ्या दुधाचे काय करतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट समजायला रसायनशास्त्राची पदवी नको. औषधाच्या पेटीवर ‘थंड जागी ठेवा’ असे लिहिलेले असते त्यामागे कधीकधी अशीही कारणे असतात.

माझी अडचण मात्र निराळीच निघाली. ती मला कळली भारनियमनाच्या वेळापत्रकावरून. आमच्या खोलीतील वातानुकूलन रोज काही तास बंद पडे. तापमान चढे, कुपीत जे काही जमू लागले असेल ते पुन्हा विरघळे. वीज येई, खोली भराभर थंड होई, आणि सगळे एकदम भुकटी होऊन तळाशी बसे. वहीतल्या तारखा आणि वीज जाण्याच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्यावर हे इतके स्वच्छ दिसले की मी ते दोन कागद भिंतीला लावले.

तेव्हा मला पेव आठवले. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवे असत. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात विस्तारत गेलेले कोठार. आतून गवत-पेंढ्याचा थर द्यायचा, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत कीड लागत नसे, रंग उतरत नसे. उन्हाळा-पावसाळा वर होऊन जाई आणि खाली त्याची वार्ता नसे. पेव उघडले तरी लगेच आत कोणी उतरायचे नाही, कारण आतली हवा श्वासाजोगी नसते; ती बदलेपर्यंत हमाल काठावर बसून राहत. लहानपणी अण्णांबरोबर मी तशी बसलेली आहे. आत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही त्या काळ्या तोंडाकडे सगळे टक लावून पाहत.

माझ्या काकांची पुण्यात औषधांची एजन्सी होती. लसी येतात ती थर्मोकोलची जाड भिंतींची पेटी मी त्यांच्याकडून मागून आणली. आत भाताचे तूस भरले, तुसात नऊ कुप्या गळ्यापर्यंत पुरल्या, झाकण चिकटपट्टीने बंद केले आणि पेटी तळमजल्यावरच्या भांडारात, यंत्रांच्या थरथरीपासून दूर, जमिनीवर ठेवली. दिवस डिसेंबरचे होते. पेटीवर तारीख घातली आणि ४१ दिवस तिला हात लावला नाही. त्या दिवसांत मी प्रबंधाची इतर प्रकरणे लिहिली. भांडारपाल गृहस्थ रोज विचारत, “बाई, आत अंडी उबवताय काय?” मी त्यांना सांगे की आमच्या घरात ती चालत नाहीत.

जानेवारीच्या अखेरीस पेटी उघडली. चार कुप्यांत काहीच नव्हते. दोहोंत भुकटी, एकीत तेल, एकीत नेहमीच्या सुया. नवव्या कुपीत, टोल्यूइनवर हेक्झेनचा थर दिलेल्या, तळाच्या कडेला तीन पिवळे खडे होते. कडा सरळ, पैलू चकचकीत. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत लहान खडा फिरवला. तो एका क्षणात पूर्ण काळोखा झाला, पुन्हा उजळला, पुन्हा पूर्ण काळोखा. मी सरांना बोलावले. ते बराच वेळ नळीला डोळा लावून होते. “हलवू नकोस आता,” एवढेच म्हणाले.

क्ष-किरणांचे योग्य यंत्र त्या वेळी आमच्याकडे नव्हते. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत वेळ मिळाला. स्फटिक त्यांच्याच द्रावणात ठेवून, कुपीला मेण लावून, ती कापसात आणि कापूस डब्यात, असा तो ऐवज मी रेल्वेने नेला. गाडी मिरजेवरून जाते. अण्णा फलाटावर येणार हे ठरलेले होते. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. गाडी उशिरा आली, सूर्य मावळून गेला होता, त्यामुळे डबा सकाळवर गेला. अण्णांनी सराफकट्ट्यावरच्या मित्राकडून भिंग मागून आणले होते. खिडकीच्या दिव्याखाली त्यांनी कुपी हातात न घेता, माझ्याच हातात ठेवून, वाकून पाहिली.

“तीन?”

“एक पुरतो.”

“कीड लागलेली नाही,” ते म्हणाले. हळदीविषयी ते याहून अधिक प्रशंसा कधी करत नसत. मग भिंग पुसून खिशात ठेवले आणि माझ्या अंगावर शाल आहे ना ते पाहिले. गाडी दहा मिनिटे थांबली असेल. त्यांनी परतीची तारीख विचारली नाही.

बंगळूरला स्फटिक काचेच्या बारीक तंतूच्या टोकावर तेलाच्या थेंबाने बसवला आणि उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात धरला. या थंडीत अणूंची थरथर कमी होते आणि ठिपके रेखीव येतात. यंत्र रात्रभर त्याला वेगवेगळ्या कोनांत फिरवून ठिपके टिपत राहिले. सकाळी तिथल्या शास्त्रज्ञांनी गणित चालवले आणि पडद्यावर अणूंच्या जागी बिंदू उमटले. मी आधी कडे शोधले. मग बाहू. मग फिनाइलचा षट्कोन.

तो उजवीकडे होता.

मी दोनदा मोजले, त्यांनीही एकदा मोजले. मांडलेली रचना आणि प्रत्यक्ष ठिपके यांतली तफावत चार टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे शंकेला जागा नव्हती. तरीही एक शंका मी स्वतःहून उभी केली, आणि ती करायलाच हवी होती. स्फटिक फक्त स्वतःपुरते बोलतो. पोत्यातून एक हळकुंड उचलले आणि ते उत्तम निघाले, म्हणून पोते उत्तम ठरत नाही. म्हणून पुण्याला परतल्यावर उरलेले दोन मोठे खडे मी विरघळवले आणि त्यांचा एनएमआर काढला. तो माझ्या मूळ भुकटीशी तंतोतंत जुळला. दोन वर्षांत मिळालेले तिन्ही स्फटिक अशा रीतीने खर्ची पडले. आज दाखवायला एकही नाही. नातेवाईकांना हे ऐकून फार हळहळ वाटते.

सरांनी छापील चित्र टेबलावर ठेवून चष्मा काढला, पुन्हा लावला. “चौथं प्रकरण नव्याने लिहावं लागेल,” ते म्हणाले, “आणि पाचव्यातलं स्पष्टीकरण माझं होतं, तेही जाईल.” त्यांच्या आवाजात खंत नव्हती. उलट पुढचे काही महिने अभिक्रिया पाठ्यपुस्तकाविरुद्ध का गेली या प्रश्नाने त्यांना माझ्याहून अधिक पछाडले. उत्तर सापडले ते कड्याच्या आधी तयार होणाऱ्या एका अल्पायुषी रेणूत. पण तो विषय या मासिकाचा नव्हे. प्रबंध त्या वर्षीच्या दिवाळीनंतर सादर झाला. अण्णांच्या वहीतील तारखेहून तो काही महिने उशिरा झाला.

मी पेढीवर परतले नाही, हे वाचकांनी ताडलेच असेल. पुण्यातल्याच एका महाविद्यालयात शिकवू लागले. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि त्यांतली कितीतरी कायमची गेली. भाऊ आता पेढी पाहतो. माल गोदामात आणि शीतगृहात असतो. निर्यातदार हळद मोडून पाहत नाहीत, करक्युमिनचा टक्का विचारतात. वाणाप्रमाणे तो साधारण दोन ते सहाच्या दरम्यान असतो, आणि अहवाल आला की भावाचा फोन येतो, “ताई, ४.२ आलाय. बरोबर असेल का?” अण्णा शेजारी बसलेले असतात. त्यांनी तो आकडा येण्याआधीच हळकुंड मोडून सांगितलेला असतो, आणि अहवाल त्यांच्याशी जुळला तरच तो प्रयोगशाळेचा विश्वास धरतात.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या सहा कुप्या गणपतीपासून आमच्या तळमजल्यावरच्या पेटीत आहेत. पेटी तीच, तूस नवे. दिवाळीपर्यंत उघडायची नाही, असे मी तिला बजावले आहे. ती हो म्हणाली आहे. पण परवा झाकणाची चिकटपट्टी मला नवी दिसली, आणि पेटीभोवती जमिनीवर चार-दोन तुसे सांडलेली होती. मी ती उचलून खिशात टाकली आणि तिला काही बोलले नाही.